कितव्या मजल्यावर राहावे?

मध्यमवर्गीय मराठी माणसाला आयुष्यात निवड करण्याचे प्रसंग फार थोडे येतात. आईवडील निवडता येत नाहीत, शेजारी निवडता येत नाहीत, आणि लग्नाच्या बाबतीत आपण निवड केली असे ज्यांना वाटते, त्यांची निवड बहुधा दुसऱ्याच कोणीतरी आधी केलेली असते. मजल्याचेही तसेच होते. जिथे खोली रिकामी तिथे बिऱ्हाड, हा जुना रिवाज. पण अलीकडे पुण्यामुंबईत जुन्या सोसायट्या पाडून त्या जागी उंच इमारती बांधण्याची लाट आली आहे. ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षे एकाच जिन्याने मुकाट्याने वर-खाली केले, त्यांच्या हातात बिल्डर आता एक छापील अर्ज ठेवतो. त्यात तीन चौकटी असतात. पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती. बोला, कितवा मजला हवा?

तो अर्ज आमच्याही घरी आला आहे. आमची इमारत १९७९ सालची. तळमजला अधिक तीन, सोळा बिऱ्हाडे, लिफ्ट नाही. तिच्या जागी बारा मजली इमारत उभी राहायची आहे. या सदरात मी एरवी शुद्धलेखन, परीक्षेचे पेपर आणि सभासंमेलने यांवर लिहितो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. पण दिवाळी अंकात जागा थोडी ऐसपैस मिळते, आणि यंदा आमच्या घरात या तीन चौकटींखेरीज दुसरा विषय नाही. शिवाय हा एकट्या आमचा प्रश्न थोडाच आहे? वरळीच्या बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन अशाच. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्यांत तिथे पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पाचशे छप्पन्न कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्या चाळीस मजली इमारतींतल्या. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून तिसाव्यावर जाण्याचा योग आज पुष्कळांच्या पत्रिकेत आहे.

मराठीच्या मास्तराने कोणत्याही प्रश्नाला हात घालण्यापूर्वी शब्दाचे मूळ पाहावे, म्हणजे निदान सुरुवात तरी चुकत नाही. ‘मजला’ हा शब्द अरबी ‘मंजिल’वरून आपल्याकडे आला. मंजिल म्हणजे प्रवासात उतरण्याची जागा, मुक्काम. त्याच शब्दाचे दुसरे लेकरू म्हणजे ‘मजल’. सैन्य मजल दरमजल करीत जाई ती हीच. म्हणजे पाहा, मजला हा शब्द मुळात चढण्याचा नव्हे, उतरण्याचा आहे! मुंबईकर मात्र मजल्याला ‘माळा’ म्हणतो. खेड्यातल्या घरात माळ्यावर कांदे, गोणपाटे आणि मोडका पाळणा ठेवीत. मुंबईकराने आपण होऊन स्वतःला त्या अडगळीत नेऊन बसवले, आणि त्या जागेच्या भावाने तो आता फुशारतो.

बरे, मजले मोजायचे कुठून, यावरही जगात एकमत नाही. इंग्रजांच्या रिवाजाप्रमाणे आपण जमिनीला लागून असलेल्या मजल्याला तळमजला म्हणतो आणि त्याच्या डोक्यावर पहिला मोजतो. अमेरिकेत जमिनीवरच पहिला. त्यामुळे न्यू जर्सीत गेलेला भाचा ‘आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो’ असे कळवतो, तेव्हा त्याच्या आईने एकच जिना धरावा. काही इमारतींत तेराव्या मजल्याला ‘बारा-अ’ म्हणतात. तेरा आकडा अशुभ ही समजूत पाश्चात्त्यांची खरी. पण मराठी माणसाला ती उसनी आणावी लागत नाही. ‘या एकदा सहकुटुंब आमच्या तेराव्याला’ असे आमंत्रण कोणी कोणत्या तोंडाने द्यावे?

आता वरच्या मजल्याच्या मानाविषयी. वर राहतो तो श्रीमंत, हे समीकरण आज इतके रुजले आहे की ते सनातन वाटावे. प्रत्यक्षात ते पावणेदोनशे वर्षांचेही नाही. प्राचीन रोममध्ये भाड्याने द्यायच्या पाच-सहा मजली इमारती असत. त्या कोसळत, पेटत, म्हणून ऑगस्टस बादशहाने उंचीवर सत्तर रोमन फुटांची मर्यादा घातली होती. तिथे सधन माणसे खाली राहत आणि जितके वर जावे तितका भाडेकरू गरीब. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्येही तीच तऱ्हा होती. दुकानांच्या वरचा दुसरा मजला सर्वांत मानाचा, आणि अगदी वर, छपराखालच्या खुराड्यांत मोलकरणी. कारण उघड होते. प्रत्येक पायरी स्वतःच्या पायांनी चढायची, आणि पाणी दुसऱ्याच्या डोक्यावरून का होईना, पण चढवायचे.

हे सारे उलटे केले लिफ्टने. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाचा कारागीर उघड्या पाळण्यात उभा राहून लोकांच्या डोक्यावर उंच गेला आणि तिथून त्याने पाळण्याची दोरीच तोडायला लावली. बघ्यांचा श्वास अडकला. पाळणा किंचित घसरला आणि त्याने बसवलेल्या दातऱ्यांत अडकून जागच्या जागी थांबला. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, न्यूयॉर्कच्याच एका पाचमजली दुकानात त्याच्या कारखान्याने माणसांची लिफ्ट बसवली. त्या दिवसापासून वरची हवा श्रीमंतांची झाली आणि खालची धूळ इतरांची. आपल्याकडेही लिफ्टा इतक्या झाल्या की १९३९ साली मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तात्पर्य, उंच मजल्याचा सगळा मान त्या एका पेटीवर उभा आहे. ती चालते तोवर बारावा मजला आणि पहिला मजला यांत अर्ध्या मिनिटाचे अंतर. ती बंद पडली की दोनशे पायऱ्यांचे.

एवढा इतिहास झाल्यावर प्रत्येक मजल्याचे गुणदोष तपासून पाहू.

तळमजल्याचे सुख मोठे. अंगणात तुळस, दारात रिक्षा, जिन्याची कटकट नाही. पण १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या तळमजल्यांचे काय झाले हे पुण्याच्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईतल्या कित्येक तळमजल्यांची बिऱ्हाडे वरच्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर चहा पीत होती. तरीही तळमजला मागणारे निघतातच. आमच्याकडे मात्र तो पर्यायच उरलेला नाही. नव्या इमारतीच्या तळाशी माणूस राहत नाही, मोटार राहते. मोटारीचे गुडघे कधी दुखत नाहीत, तरी तळमजला तिला, आणि गुडघे दुखणाऱ्यांना लिफ्टची रांग!

पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर धूळ येते, रस्त्यावरचे भोंगे येतात, आणि समोरच्या इमारतीची सावली हिवाळ्यातही हलत नाही. उलट नळाला पाणी धो-धो येते. दर दहा मीटर उंचीमागे पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलो वाढतो, हा शाळेतला हिशेब. टाकी गच्चीवर, तेव्हा सगळ्यांत खालच्याला सगळ्यांत जोर, आणि टाकीच्या अगदी पोटाखाली राहणाऱ्याच्या शॉवरमधून पाणी पडते ते सत्यनारायणाच्या तीर्थासारखे. तिथे मग निराळा पंप बसवावा लागतो. पण त्याच वरच्या बिऱ्हाडाला सौरबंबाचे गरम पाणी आधी मिळते. खालचा बिचारा नळीतले गार पाणी दोन बादल्या काढून मग आंघोळीला बसतो.

सर्वांत वरच्या मजल्यावर वारा, उजेड आणि एकांत. डोक्यावर कोणी खलबत्ता कुटत नाही. मात्र एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत घरात ऊब सोडत राहतो, आणि जुलैत गच्चीची पहिली गळती झेलण्याचा मान त्याच घराचा. मधले मजले ऊन, पाऊस, धूळ यांतून सुटतात. त्यांना फक्त वरच्यांचा खलबत्ता आणि खालच्यांची फोडणी एवढेच सोसावे लागते. डासांविषयी म्हणाल, तर ते उंचावर येत नाहीत ही बिल्डरची बोली. डास जिन्याने येतात, लिफ्टने येतात, कुंडीतल्या पाण्यात घरच्या घरीच जन्मतात.

हे सगळे मी एका कागदावर दोन रकाने पाडून लिहिले आणि रविवारी जेवणानंतर घरच्या मंडळींसमोर ठेवले. लगेच कळले की कागदाची कोणाला गरज नव्हती. प्रत्येकाचा मजला आधीच ठरलेला होता.

“बाबा, अकरावा,” चिरंजीव म्हणाले. ते यंदा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहेत. “तिथून सिंहगड दिसतो. टॉवरसकट.”

“मला मधला, पाचवा,” सौ. म्हणाली. “धूळही नको नि गळतीही नको.”

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले काका आले. सोसायटीत हिशेबाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी सुपारी कातरता कातरता आम्हांला ‘फ्लोअर राइज’ हे प्रकरण समजावून सांगितले. नवा फ्लॅट विकताना बिल्डर प्रत्येक मजल्यामागे चौरस फुटाला काही रुपये वाढवतो. समजा, पन्नास रुपये. आठशे चौरस फुटांच्या घराला दर मजल्यामागे चाळीस हजार झाले. पहिला आणि अकरावा यांत मजले दहा, म्हणजे फरक चार लाखांचा!

“आपल्याला जुने सभासद म्हणून घर मिळतंच आहे,” काका म्हणाले. “मग वरचं का घेऊ नये? खालचं घेणं म्हणजे चार लाख रस्त्यावर टाकणं आहे. उद्या विकायची वेळ आली तर?”

चार लाख ही रक्कम प्राध्यापकाच्या घरात उच्चारली गेली की पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटू लागतो. आम्ही सगळे गप्प झालो. आई देवघराजवळ वाती वळत बसली होती. तिने मान वर केली नाही.

काका गेल्यावर सौ.ने माझा दोन रकान्यांचा कागद ओढून घेतला आणि पाठकोऱ्या बाजूवर तिसराच हिशेब मांडला. ती एका कचेरीत लेखा विभागात आहे; अंदाजाने बोलणे तिला जमत नाही. “घरात जागेपणी कोण किती तास असतं ते सांगा,” ती म्हणाली. चिरंजीव सकाळी सातला जातात, रात्री आठला येतात. उरलेला वेळ दार लावून. मी आठ तास बाहेर. ती स्वतः दहा तास बाहेर. “आणि आई?” तिने विचारले. आई गेल्या महिन्यात दोनदा खाली उतरली होती. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, एकदा शेजारच्या डोहाळजेवणाला. “म्हणजे हे घर दिवसभर वापरणारं माणूस एकच आहे,” सौ. म्हणाली, “आणि आपण मत मात्र तिघांनी दिलं.”

माझ्या सौ.च्या हिशेबाला आजवर चार्टर्ड अकाउंटंटांनी हरकत घेतलेली नाही. मी कुठला घेणार? मात्र त्या हिशेबाने एक जुनी रात्र वर आली.

२०१३ सालच्या पावसाळ्यात रात्री दीडच्या सुमाराला आमच्या नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका पंधरा मिनिटांत फाटकाशी आली. पण आमच्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना. उभे करावे तर माणूस घसरणार, आडवे धरावे तर भिंत आड येणार. तोपर्यंत शेजारची दारे उघडली होती. बँकेतल्या काकांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणली. तळमजल्यावरच्या इंजिनिअर साहेबांनी चादरीने नानांना खुर्चीला बांधले. आणि चौघांनी मिळून त्यांना चाळीस पायऱ्या खाली नेले. एक जण पुढे उलटा चालत बॅटरी धरून ‘वळण आलं, वळण आलं’ म्हणत होता. वरून आई फक्त पायऱ्या मोजत होती. नाना वाचले. त्यानंतर सहा वर्षे आमच्यात होते. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितले की वेळेत आणलेत. ती वेळ चाळीस पायऱ्यांची होती, आणि चार शेजाऱ्यांची.

टोरोंटो आणि आसपासच्या भागातल्या डॉक्टरांनी या पायऱ्यांचा हिशेब २०१६ साली मांडून दाखवला आहे. घरात हृदय बंद पडलेल्या साडेसात हजारांहून अधिक रुग्णांची त्यांनी नोंद तपासली. तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणाऱ्यांपैकी शंभरात ४.२ वाचले, तिसऱ्या आणि त्यावरच्या मजल्यांवर २.६. पंचविसाव्याच्या वर राहणाऱ्यांपैकी एकही वाचला नाही. लक्षात ठेवा, तिकडची गणती जमिनीपासून सुरू होते. त्यांचा तिसरा म्हणजे आपला दुसरा. आणि तिथे लिफ्टा होत्या, रुग्णवाहिका वेळेवर आल्या होत्या. फाटकापासून रुग्णापर्यंतच्या मिनिटांनी घात केला. कुलूपबंद दार, लिफ्टची वाट, लांबलचक बोळ. हृदय थांबल्यावर एकेक मिनिट मोलाचे असते, आणि उंचीचा दर तिथे मिनिटांत द्यावा लागतो.

हे वाचून कोणी वरचा फ्लॅट विकायला काढू नये. तरण्या माणसांनी खुशाल विसाव्यावर राहावे, वारा खावा. पण ज्या घरात साठी-सत्तरी ओलांडलेले कोणी आहे, तिथे अर्ज भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावते का? वीज गेल्यावर ती जनित्रावर चालते का? आणि आग लागली, म्हणजे लिफ्ट वापरायचीच नाही अशी वेळ आली, तर घरातले सर्वांत अशक्त माणूस किती पायऱ्या स्वतः उतरू शकेल? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या आकड्यात येईल, तो आपला मजला. चोवीस मीटरहून उंच इमारतींत आगीच्या वेळी थांबण्यासाठी मोकळी राखीव जागा ठेवावी लागते. ती आपल्या घरापासून किती जिने खाली किंवा वर आहे तेही नकाशात बघून ठेवावे. फ्लॅटचे चित्र दाखवणारा तरुण हे आपण होऊन सांगत नाही. त्याला सिंहगड दाखवायचा असतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आईजवळ जाऊन बसलो आणि सरळ विचारले, “तुला कितवा मजला हवा?”

“मला काय करायचंय?” आई म्हणाली. “तुम्ही ठरवाल तो. लिफ्ट आहे म्हणतात.”

थोड्या वेळाने ती उठली, गॅलरीत गेली आणि परडीची दोरी सोडून घेऊन आली. आमच्या घरी आलेल्यांना ती परडी माहीत आहे. सकाळी नऊला भाजीवाली खालून हाक मारते, आई वरून भाव करते, परडी खाली जाते, मेथी वर येते, पैसे खाली जातात. मेथी किती निघाली, भाजीवालीच्या मुलीला कोणती नोकरी लागली, समोरच्या बंगल्यातली म्हातारी दोन दिवस दिसली नाही ती लेकीकडे गेली की आजारी आहे, ही सारी बातमी त्या दोरीवरून वर चढते. आईला गुडघ्यांनी घरात बसवले त्यालाही आता चार वर्षे झाली. पण गल्लीत काय चालले आहे ते माझ्याहून तिला जास्त ठाऊक असते.

तिने दोरीचे वेटोळे माझ्या मांडीवर ठेवले. “ही पंचवीस फूट आहे,” ती म्हणाली. “ही पुरेल असा मजला मिळाला तर बघ. नाहीतर राहू दे.”

चिरंजीव ऐकत होते. त्यांनी तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. “आजी, अकराव्यावरून सव्वाशे फूट लागेल गं.” एवढे बोलून ते थांबले. बहुधा सव्वाशे फुटांवरून भाजीवालीशी भाव करणारी आजी त्यांच्या डोळ्यांपुढे आली असावी.

डेन्मार्कचे वास्तुतज्ज्ञ यान गेल यांनी शहरांतल्या माणसांच्या वागण्याचा उभा जन्म अभ्यास केला. त्यांचे म्हणणे असे की पाचव्या मजल्यापर्यंत घरातल्या माणसाचा रस्त्याशी संबंध राहतो. तोंडे ओळखू येतात, हाका ऐकू जातात. त्याच्या वर गेले की खाली नुसती हालचाल दिसते, माणूस दिसत नाही. ते गृहस्थ आमच्या गॅलरीत कधी आले नव्हते. पण आईने तेच पंचवीस फूट सुतळीत सांगितले.

मी दोरी घेऊन तळमजल्यावरच्या इंजिनिअर साहेबांकडे गेलो. त्यांनी नकाशा उलगडला, चष्मा पुसला आणि पट्टी लावली. नव्या इमारतीत खाली मोटारींचे दोन थर आहेत. दोन्ही मिळून वीस-एकवीस फूट. त्यांच्या डोक्यावर पहिला मजला. “म्हणजे नवा पहिला हा आपल्या जुन्या दुसऱ्याच्याच उंचीवर येतो,” ते म्हणाले. “आकडा उतरला तरी तुमची गॅलरी तिथल्या तिथेच राहते. दोरी पुरेल. पण रस्त्याच्या बाजूचा फ्लॅट मागा, मागचा नको.” बिल्डरच्या मजल्यांचे आकडे बघून मजला ठरवू नये, उंची फुटांत मोजून घ्यावी, हे मला त्या संध्याकाळी समजले. कुठे पहिला मजला दहा फुटांवर असतो, तर कुठे मोटारींच्या पाच थरांवर, पन्नास फुटांवर.

रात्री पुन्हा बैठक झाली. चार लाखांचा प्रश्न अर्थातच निघाला. सौ. म्हणाली, “चार लाख विकताना मिळणार. आपण विकणार आहोत का?” विकणार नव्हतो. राहता राहिला सिंहगड. त्यावर मीच तोड सुचवली. गच्ची सोसायटीच्या सर्व सभासदांची असते, आणि लिफ्ट वरपर्यंत जाते. चिरंजीवांनी रोज संध्याकाळी बाराव्याच्याही वर जाऊन सिंहगड खुशाल डोळे भरून पाहावा. अकराव्यावरून दिसला असता त्याहून चांगला दिसेल. ज्यांचे पाय धड आहेत त्यांना डोंगर पाहायला वर जाता येते. ज्यांचे नाहीत त्यांना माणसे पाहायला खाली येता येत नाही. म्हणून राहायचे खाली आणि पाहायला जायचे वर, ही व्यवस्था आम्हांला पटली. चिरंजीवांनाही पटली, मात्र एका अटीवर. तिसऱ्या चौकटीत ‘अकरावा’ लिहायचे. नशीब म्हणूनही काही असते, असे त्यांचे म्हणणे. मी लिहिले.

अर्ज गेला. पहिली पसंती पहिला मजला, रस्त्याची बाजू. दुसरी पसंती दुसरा मजला, रस्त्याची बाजू. तशी वेळ आलीच तर दोरीला दहा फुटांची गाठ मारू. काकांना हे कळल्यावर त्यांनी मान हलवली. “भावनेच्या भरात व्यवहार बुडवलात,” असा त्यांचा शेरा.

आता एकच प्रश्न राहिला आहे. नव्या इमारतींत फाटकावर पहारेकरी असतो, आणि फेरीवाल्यांना आत प्रवेश नाही अशी पाटी. कुंपणाच्या भिंतीपाशी भाजीवालीला उभे राहू दिले नाही, तर पंचवीस फूट दोरीचा काय उपयोग? यासाठी सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडतो आहे. सकाळी नऊ ते दहा भाजी, फळे व फुले विकणाऱ्यांस रस्त्याकडील कुंपणाच्या आत उभे राहण्यास सोसायटीची हरकत नसावी. सभा भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे. ठरावाला अनुमोदक लागतो. परवा फराळाचे ताट घेऊन आल्या तेव्हा बँकेतल्या काकांच्या पत्नीने आपण होऊन आपले नाव दिले, आणि जाताना आईला विचारले, “ही दोरी कुठल्या दुकानातून आणलीत हो?”